भीक नको, पण अँटिव्हायरस आवर!

फायनल इयरचं प्रेझेंटेशन. एक्स्टर्नल समोर बसलेत, प्रोजेक्टरवर तिसरी स्लाइड आहे आणि उजव्या कोपऱ्यातून एक लाल चौकट टुणकन वर येते : ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे! आत्ताच अपग्रेड करा!’ वर्गात खसखस पिकते. बिचारा प्रेझेंट करणारा घाईघाईने फुली शोधतो आणि ती इतकी बारीक असते की दोनदा नेम चुकतो. हा सीन पाहिला नाही असं कॉलेज सापडणं अवघड.

गंमत म्हणजे याचा कुणाला राग येत नाही. ‘अरे सोड, अँटिव्हायरस आहे तो,’ म्हणून विषय संपतो. हेच एखाद्या क्रॅक केलेल्या गेमने केलं असतं, तर आपण लगेच म्हणालो असतो, ‘लॅपटॉपमध्ये काहीतरी शिरलंय राव!’

बरं, मामला पॉप-अपवर थांबला तरी एकवेळ चालून गेलं असतं. पण एक दिवस ब्राउझर उघडतो तर होमपेज भलतंच. सर्चचे रिझल्ट ओळखीच्या ठिकाणाऐवजी तिसऱ्याच पानावर, वर चार जाहिराती. ‘सुरक्षित खरेदी’ नावाचं एक्स्टेन्शन आपोआप येऊन बसलेलं. आणि कधी तर ‘सिक्युअर ब्राउझर’ नावाचा नवाच पाहुणा डीफॉल्ट होऊन बसलेला. आपल्याला न विचारता ब्राउझरचा ताबा घेण्याच्या या प्रकाराला ब्राउझर हायजॅकिंग म्हणतात. ते रोखण्यासाठी आपण सिक्युरिटी सॉफ्टवेअर टाकतो. आता तेच हा उद्योग करत असेल तर त्याला काय म्हणायचं? माझं म्हणणं एवढंच आहे, की दारावर ‘सुरक्षा’ अशी पाटी लावल्याने कुणी राखणदार होत नाही. सॉफ्टवेअर कसं वागतं, यावरून त्याला नाव द्यायला हवं.

पैसा येतो कुठून?

आधी हे असं का होतं ते बघू. एकेकाळी अँटिव्हायरस दुकानातून डब्यात विकत घ्यायचे. वर्षभराची की संपली की पुन्हा दुकानात. कंपनीला पैसे मिळायचे, आपल्याला संरक्षण मिळायचं, हिशेब सरळ होता. मग फुकट अँटिव्हायरसची लाट आली. पुढे २०१२मध्ये आलेल्या विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टने स्वतःचा डिफेंडर अँटिव्हायरस सिस्टिममध्येच दिला. म्हणजे जी गोष्ट विकायची, ती गिऱ्हाइकाला घरबसल्या मिळायला लागली.

मग कमवायचं कसं? एक रस्ता म्हणजे तुमचं सर्च. सर्चच्या पानावरच्या जाहिरातींवर क्लिक झालं की पैसे तयार होतात, आणि ज्याने तुम्हाला त्या पानावर आणून सोडलं त्याला त्यातला वाटा मिळतो. तुमचं डीफॉल्ट सर्च बदलणं म्हणजे लाखो लोकांची वाट आपल्या टोलनाक्यावरून वळवणं. दुसरा रस्ता दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून घरात शिरण्याचा. तुम्ही डाउनलोड करता एक, आणि इन्स्टॉल करताना कोपऱ्यात आधीच टिक केलेल्या चौकटीतून दुसरंच आत येतं. तिसरा रस्ता सगळ्यात गंभीर. तुम्ही नेटवर कुठे कुठे फिरता, तीच माहिती विकायची.

हे नुसते आरोप नाहीत

डिसेंबर २०१५. एव्हीजी हा तेव्हाचा लोकप्रिय फुकट अँटिव्हायरस. तो टाकला की क्रोममध्ये ‘वेब ट्यूनअप’ नावाचं एक्स्टेन्शनही बसायचं. त्याचे वापरकर्ते होते साधारण ९० लाख. गुगलच्या सुरक्षा टीममधल्या टॅव्हिस ऑरमंडी यांनी ते तपासलं. हे एक्स्टेन्शन सर्च सेटिंग आणि नवीन टॅबचं पान ताब्यात घेत होतं, हे तर दिसलंच. पण ते इतकं ढिसाळ लिहिलेलं होतं, की तुम्ही उघडलेली कुठलीही वेबसाइट तुमची ब्राउझिंग हिस्ट्री बघू शकली असती. सुरक्षेच्या नावाखाली भिंतीला भोक! ऑरमंडी यांनी कंपनीला खरमरीत शब्दांत कळवल्यानंतर दुरुस्ती झाली.

त्यानंतर दोनच महिन्यांत कोमोडोची पाळी आली. त्यांच्या इंटरनेट सिक्युरिटीसोबत ‘क्रोमोडो’ नावाचा ब्राउझर इन्स्टॉल व्हायचा. तो क्रोमच्या शॉर्टकटची जागा घ्यायचा आणि तिथल्या कुकीज, सेटिंग्ज स्वतःकडे ओढून घ्यायचा. पुन्हा ऑरमंडी यांनीच दाखवून दिलं की या ‘सुरक्षित’ ब्राउझरमध्ये वेबसुरक्षेचा एक पायाभूत नियमच बंद होता. एका साइटने दुसऱ्या साइटचा डेटा वाचायचा नाही, हा तो नियम. एका टॅबमध्ये बँक आणि दुसऱ्यात कुठलीतरी फुकट सिनेमांची साइट उघडणाऱ्या कुणालाही याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि अव्हास्ट. याच कंपनीने २०१६मध्ये एव्हीजी विकत घेतली. २०१९च्या शेवटी अव्हास्ट आणि एव्हीजीची चार एक्स्टेन्शन्स गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करतात असं उघड झालं आणि मोझिलाने ती फायरफॉक्सच्या यादीतून काढली. बदल केल्यावर ती परत आली. पण जानेवारी २०२०मध्ये पत्रकारांनी पुढचा धागा शोधून काढला. अव्हास्टची जम्पशॉट नावाची उपकंपनी ही ब्राउझिंगची माहिती विकत होती. आठवडाभराच्या आत जम्पशॉट बंद करण्याची घोषणा झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला सांगितले आणि ही माहिती जाहिरातींसाठी विकायला बंदी घातली. कमिशनच्या म्हणण्यानुसार १००हून जास्त कंपन्यांना डेटा गेला होता आणि जम्पशॉटकडे ८ पेटाबाइट्सहून जास्त माहिती साठली होती. ८ पेटाबाइट्स म्हणजे १ टीबीच्या ८ हजार हार्ड डिस्क! कंपनीने ‘आरोप मान्य नाहीत’ म्हणत तडजोड केली. पण जे सॉफ्टवेअर ‘तुमचा माग काढणाऱ्यांना आम्ही रोखतो’ म्हणून लोकांनी टाकलं, त्याच्याच बाबतीत हे घडलं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते यापेक्षा वेगळं काय असतं?

किल्ल्या कुणाच्या हातात?

‘सगळेच ॲप डेटा घेतात, यात नवीन काय?’ असं कुणी म्हणेल. फरक आहे, आणि मोठा आहे. बाकीची ॲप्स घरातल्या एका खोलीत असतात, अँटिव्हायरसला आपण अख्ख्या घराच्या किल्ल्या देतो. तो लॅपटॉपबरोबर सुरू होतो, प्रत्येक फाइल उघडून बघतो, बरेचदा वेबसाइटकडून येणारा बंद लिफाफाही फोडून तपासतो. त्याने ते करावं म्हणूनच तर आपण त्याला ठेवलेलं असतं. म्हणून त्याने थोडा जरी हात मारला तरी ती साधी आगाऊ जाहिरात राहत नाही, तो विश्वासघात होतो.

आणि आपल्या वयात ब्राउझरमध्ये काय असतं, याचा जरा विचार करा. पाळी चुकली तर काय करायचं. मला मुलगे आवडतात, हे नॉर्मल आहे का. डिप्रेशनच्या गोळ्यांनी झोप येते का. एमपीएससी सोडली तर पुढे काय. लोन ॲपवाल्यांनी धमकी दिली तर कुठे जायचं. आई-बाबांना नाही, रूम पार्टनरलाही नाही, ते प्रश्न रात्री दोन वाजता सर्चला विचारले जातात. असे प्रश्न एकत्र केले की नाव नसलं तरी माणूस दिसायला लागतो. अमेरिकेच्या कमिशनने अव्हास्टवर ठेवलेला आक्षेप नेमका हाच होता. त्या माहितीतून माणसाचा धर्म, तब्येतीच्या चिंता, राजकीय कल, आर्थिक स्थिती कळू शकत होती. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ असं म्हणणाऱ्यांनी आपली गेल्या सहा महिन्यांची हिस्ट्री वर्गाच्या प्रोजेक्टरवर लावायची तयारी आहे का, ते आधी सांगावं.

‘फुकट पाहिजे, मग सहन करा’

यावर दोन युक्तिवाद हमखास ऐकू येतात. पहिला, कंपन्यांनी फुकट द्यायचं आणि वर उपाशीही राहायचं का? अजिबात नाही. जाहिरात दाखवा, पेड व्हर्जन विका, पण उघडपणे. ‘हे फुकट आहे, त्या बदल्यात तुमचं सर्च आम्ही बदलू,’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि मग बघा किती जण हो म्हणतात. अटी लपवाव्या लागतात, याचा अर्थ खरी किंमत सांगितली तर गिऱ्हाईक पळेल हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. आणि पैसे मोजले की सुटका होते असंही नाही. पेड घेतलं तरी ‘व्हीपीएन घ्या, क्लीनर घ्या, तुमचे ३४२ जंक आयटम साफ करा’ हे चालूच राहतं.

दुसरा युक्तिवाद जास्त लागतो, कारण तो आपलेच मित्र करतात. ‘न वाचता नेक्स्ट-नेक्स्ट करायचं आणि मग रडायचं!’ मला हे पटत नाही. ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं बटण मोठं, हिरवं आणि चमकदार. ‘कस्टम’ करड्या रंगात, डोळे ताणून वाचावं लागेल असं. टिक आधीच मारलेली. हा सगळा मांडव माणसाने चुकावं म्हणूनच घातलेला असतो. त्यात चुकणाऱ्याला मूर्ख म्हणणं म्हणजे खिसा कापला गेला त्यालाच ‘खिसा ठेवलास कशाला?’ विचारणं. गावाकडे बाबांच्या कॉम्प्युटरवर, किंवा घरी पहिल्यांदाच लॅपटॉप आलेल्या मुलीच्या मशीनवर हे घडतं, तेव्हा त्यांनी प्रत्येक चौकट इंग्रजीत वाचून समजून घ्यावी अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

नियम आहेत, वापरायला हवेत

चांगली बातमी म्हणजे आपल्याकडे याविरुद्ध बोलायला आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या डिझाइनविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. मागे लागून हैराण करणं, खोटी घाई लावणं, फसवे प्रश्न विचारणं, आणि ‘व्हायरस आहे’ अशी खोटी भीती घालून नकली क्लीनर गळ्यात मारणंही त्यात आहे. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात तर संमती मोकळेपणाने, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीतून घेतलेली हवी असं म्हटलंय. कंपनीने आधीच मारून ठेवलेली टिक ही माझी कृती कशी होईल?

अडचण अशी की आपण तक्रारच करत नाही. अनइन्स्टॉल करतो, दोन शिव्या घालतो, विसरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फुटलेला मोबाइल आला तरच वापरायचा असतो, असं थोडंच आहे? स्क्रीनशॉट काढा आणि तक्रार नोंदवा. कॉलेजच्या लॅबमध्ये आणि लायब्ररीत कुठलं सॉफ्टवेअर आहे, ते मुलांचा कुठला डेटा बाहेर पाठवतं, हा प्रश्न स्टुडंट कौन्सिलने विचारायला काय हरकत आहे?

याचा अर्थ उद्या सगळ्यांनी अँटिव्हायरस उडवून लावा, असा नाही. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले, हा अनुभव घेतलेल्यांना व्हायरस खरे असतात हे माहीत आहे. विंडोजमधला डिफेंडर चालू आणि अपडेटेड असेल तर बहुतेक विद्यार्थ्यांचं काम भागतं. दुसरं काही हवंच असेल तर ते कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडा आणि नको त्या टिका काढा. मग ब्राउझरची तीन पानं एकदा नीट बघा : एक्स्टेन्शन्सची यादी, डीफॉल्ट सर्च, आणि नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिलीय. ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस’ छापाच्या बऱ्याच धमक्या अँटिव्हायरसकडून येतच नाहीत, त्या कधीतरी ‘अलाऊ’ केलेल्या वेबसाइटकडून येतात. ओळखीचं नाही ते काढून टाका. आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा बाबांच्या कॉम्प्युटरवरही हेच करा.

सॉफ्टवेअर निवडताना आपण ‘व्हायरस किती पकडतो?’ एवढंच विचारतो. त्याच्या जोडीला आता आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावू या : ‘तू मला न विचारता काय काय बदलतोस?’ याचं सरळ उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याला घराची किल्ली द्यायची नाही. मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.