विमान पाडलं गेलं, पण सैनिक वाचला. मग पुढचे महिने तो कुठे होता? फ्रान्समध्ये पडलेल्या बॉम्बर सैनिकांचा शोध आज कसा घेतला जातोय?

२०२४ मध्ये ओटीटीवर आलेली 'मास्टर्स ऑफ द एअर' ही मालिका पाहिलेल्यांना तो भाग आठवत असेल. अमेरिकन बॉम्बर विमान पाडलं जातं, आतले काही जण पॅराशूटने उतरतात आणि अनोळखी लोकांच्या घरात लपत, खोटी कागदपत्रं घेऊन शत्रूच्या ताब्यातल्या देशातून निसटतात.

हे पटकथेसाठी रचलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात हजारो हवाई सैनिक असेच परत आले. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या अनेक कुटुंबांमध्ये आज नातवंडं एकच प्रश्न विचारतायत. आजोबांचं विमान फ्रान्समध्ये पडलं आणि काही महिन्यांनी ते इंग्लंडला परतले. मधल्या काळात ते नेमके कुठे होते?

उत्तर देणारे साक्षीदार आता जवळपास राहिलेले नाहीत. 'डॅमबस्टर्स' मोहिमेतले शेवटचे सैनिक जॉर्ज 'जॉनी' जॉन्सन यांचं डिसेंबर २०२२ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी निधन झालं. उरल्या आहेत त्या फायली. पण फक्त सैनिकाची फाइल वाचली तर गोष्ट अर्धीच कळते.

विमानातून जिवंत बाहेर पडणं किती कठीण होतं?

ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १ लाख २५ हजार जणांनी विमानातून प्रत्यक्ष मोहिमा केल्या. त्यातले ५५,५७३ मारले गेले. म्हणजे दर १०० जणांमागे ४४. जवळपास १० हजार जण युद्धकैदी झाले.

ब्रिटिश विमानं प्रामुख्याने रात्री जायची. लँकेस्टर विमानात ७ जण असायचे. अमेरिकन बी-१७ दिवसा उडायचं आणि त्यात साधारण १० जण असायचे. लँकेस्टरला आग लागली की काळोखात, हेलकावे खाणाऱ्या विमानात अरुंद दारापर्यंत पोहोचायला काही सेकंदच मिळायचे. शेपटीकडच्या गनरचं पॅराशूट तर त्याच्या बसायच्या जागेबाहेर ठेवलेलं असायचं.

एका रात्रीत किती नुकसान व्हायचं, याचं उदाहरण म्हणजे फ्रान्समधलं माई-ल-कां. ३ मे १९४४ च्या रात्री तिथल्या जर्मन लष्करी तळावर हल्ला झाला. त्या मोहिमेत ४२ लँकेस्टर विमानं परतली नाहीत.

जमिनीवर उतरल्यावर काय व्हायचं?

ब्रिटनने १९३९ च्या अखेरीस 'एमआय-९' नावाचा गुप्त विभाग सुरू केला. शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्यांना परत आणणं, हे त्याचं काम. सैनिकांना रेशमी कापडावर छापलेले नकाशे, बटणात लपवलेलं होकायंत्र आणि स्थानिक चलन दिलं जायचं. पॅराशूट पुरून टाका, विमानापासून लांब जा आणि एकट्या-दुकट्या घराचं दार वाजवा, अशी शिकवण असायची.

खरी परीक्षा त्या दारावर व्हायची. दार उघडणाऱ्याला हा माणूस खरोखर पडलेला सैनिक आहे की जर्मनांनी पाठवलेला हेर, हे ठरवायचं असे. विश्वास बसला की साधे कपडे, ओळखपत्र आणि पुढचा मुक्काम मिळायचा. अमेरिकनांना तर जेवायची सवयही बदलावी लागे, कारण काटा एका हातातून दुसऱ्या हातात घेण्याच्या पद्धतीवरून ते चटकन ओळखू यायचे.

यातून पळण्याचे संघटित मार्ग तयार झाले. सर्वात प्रसिद्ध 'कोमेट' मार्ग ब्रसेल्सहून पॅरिस, तिथून पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेन आणि पुढे जिब्राल्टर असा होता. तो उभा करण्यात मोठा वाटा होता आंद्रे द जाँग या २४ वर्षांच्या बेल्जियन तरुणीचा. ऑगस्ट १९४१ मध्ये ती एका ब्रिटिश सैनिकाला घेऊन स्पेनमधल्या बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत पोहोचली, तेव्हा ही मुलगी डोंगर ओलांडून आली यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना.

समुद्राचाही मार्ग होता. १९४४ मध्ये 'शेलबर्न' गटाने ब्रिटनीतल्या प्लुआ गावाजवळच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात शंभराहून अधिक जणांना ब्रिटिश गनबोटींवर चढवलं.

पकडले गेल्यावर कुणाचं काय व्हायचं?

इथे सगळ्यात मोठी विषमता दिसते. सैनिक पकडला गेला तर जिनिव्हा करारानुसार तो युद्धकैदी ठरायला हवा होता. बहुतेकांच्या बाबतीत तसंच झालं. त्याला आसरा देणाऱ्याला मात्र असं कुठलंही संरक्षण नव्हतं.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन लष्करी प्रशासनाने फ्रान्समध्ये भित्तिपत्रकं लावली. पाडलेल्या विमानातल्या सैनिकांना मदत करणाऱ्या पुरुषाला ताबडतोब गोळ्या घालण्यात येतील, स्त्रियांना जर्मनीतल्या छळछावणीत पाठवलं जाईल आणि खबर देणाऱ्याला १० हजार फ्रँकपर्यंत बक्षीस मिळेल, असं त्यावर लिहिलेलं होतं.

ही नुसती धमकी नव्हती. जानेवारी १९४३ मध्ये आंद्रे द जाँगला स्पेनच्या सीमेजवळच्या उरुन्य गावातल्या एका शेतघरात तीन हवाई सैनिकांसह पकडण्यात आलं. या मार्गाची प्रमुख आपणच, हे तिने कबूल केलं; पण गेस्टापोला ते खरं वाटलं नाही. छळछावण्यांमधून ती जिवंत परतली. तिचे वडील फ्रेदेरिक यांना मार्च १९४४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्या शेतघराची मालकीण फ्रान्सिया उसांदिझागा रॅव्हन्सब्रुक छावणीतच मरण पावली.

नियम सैनिकांच्या बाबतीतही मोडले गेले. पॅरिसमध्ये बहुतेक फितुरीमुळे सापडलेल्या १६८ हवाई सैनिकांना ऑगस्ट १९४४ मध्ये थेट बुखेनवाल्ड छळछावणीत नेलं गेलं. साध्या कपड्यांत सापडले म्हणून त्यांना सैनिक मानायला नकार देण्यात आला. दोघे तिथेच मरण पावले. बाकीच्यांपैकी बहुतेकांना ऑक्टोबरमध्ये नेहमीच्या युद्धकैदी छावणीत हलवलं. छळछावणीत होतो, हे घरी सांगितल्यावर अनेकांवर कुणी विश्वासही ठेवला नाही.

'आजोबा कधी बोललेच नाहीत', असं का?

युद्धाचा धक्का हे एक कारण होतंच. दुसरं कारण कागदावरचं होतं. परतलेल्या सैनिकाची गुप्तचर अधिकारी चौकशी करायचे आणि पळून येण्याबद्दल कुणालाही काही सांगणार नाही, अशी सही घ्यायचे. एक शब्द बाहेर गेला तर मागे राहिलेलं एखादं कुटुंब संपू शकत होतं. त्यामुळे घरच्यांना जो अबोलपणा वाटला, तो बऱ्याच जणांसाठी दिलेला शब्द होता.

मग आज शोध कसा घेतात?

सुरुवात साधारणपणे विमानापासून होते. ब्रिटिश विमान असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदी मिळतात. अमेरिकन विमान असेल तर बेपत्ता क्रूचा अहवाल. त्यातून तारीख, लक्ष्य आणि सोबत्यांची नावं कळतात.

त्यानंतर सैनिकाचा स्वतःचा जबाब शोधतात. अमेरिकेने अशा सुमारे ३ हजार 'एस्केप अँड इव्हेजन' अहवालांच्या प्रती ऑनलाइन दिल्या आहेत. एमआय-९ चे जबाब क्यूमध्ये आहेत. लिंकनच्या आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्राने जवळपास ५८ हजार मृतांची माहिती डेटाबेसमध्ये आणली आहे.

बरेच जण इथेच थांबतात. पण याच गोष्टीची दुसरी बाजू वेगळ्या कपाटात आहे. युद्धानंतर अमेरिका आणि ब्रिटनने मदत करणाऱ्यांना सन्मान आणि भरपाई देण्यासाठी चौकशी केली. त्यांच्या फायली वेगळ्या आहेत. फ्रान्समध्ये व्हॅन्सेनच्या लष्करी अभिलेखागारात प्रतिकार चळवळीतल्या सुमारे ६ लाख लोकांची नोंद आहे. छावण्यांमध्ये गेलेल्यांचा माग जर्मनीतल्या आरोल्सेन अभिलेखागारात लागतो.

या फायलींवर कितपत विश्वास ठेवायचा?

जबाब परतल्यावर लगेच घेतलेला, त्यामुळे ४० वर्षांनी लिहिलेल्या आठवणींपेक्षा तारखा आणि ठिकाणांसाठी तो जास्त भरवशाचा. पण तो घेतला होता गुप्तचर कामासाठी. कुठला रस्ता सुरक्षित आहे, कोण फितूर असू शकतं, हे अधिकाऱ्यांना हवं होतं. भीती, भूक, सोबती गमावल्याचं दुःख यांना त्यात फारशी जागा नाही.

शिवाय पकडलं गेल्यास कुणाचं नाव फुटू नये म्हणून सैनिकाला नावं लिहून ठेवायला मनाई होती. त्याला मदत करणारी व्यक्ती टोपणनावानेच माहीत असायची. गावांची नावं कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात. म्हणून 'एका शेतकरी बाईने दोन रात्री ठेवून घेतलं' एवढ्याच ओळीमागची बाई शोधायला दोन्ही बाजूंची कागदपत्रं समोरासमोर ठेवावी लागतात.

आणि ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांचं काय?

मित्रराष्ट्रांच्या बॉम्बफेकीत फ्रान्समध्ये सुमारे ५० ते ७० हजार नागरिक मारले गेले, असे इतिहासकारांचे अंदाज आहेत. सप्टेंबर १९४३ मध्ये एकट्या नांत शहरात हजाराहून जास्त लोक गेले. तरीही त्याच देशातल्या लोकांनी त्याच विमानांमधून पडलेल्यांना घरात घेतलं. सगळ्यांनी नाही, काहींनी खबरही दिली. म्हणूनच दार उघडणं हा प्रत्येक वेळी एका कुटुंबाने घेतलेला निर्णय होता.

याच इतिहासाचं एक टोक भारतापर्यंत येतं. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी पूर्व फ्रान्समधल्या एपिनालवर बॉम्ब टाकले. तिथल्या छावणीत ब्रिटिश भारतीय सैन्यातले युद्धकैदी होते. काही त्यात मारले गेले, अनेक जण पळाले. सुमारे ५०० भारतीय पुढे स्वित्झर्लंडला पोहोचले, तेही फ्रेंच गावकऱ्यांच्या मदतीने. हॉलीवूडच्या पळून जाण्याच्या गोष्टींमध्ये ते कुठेच नाहीत.

ऑनलाइन आलेल्या फायलींमुळे आता कुणालाही आपल्या आजोबांचं विमान काही मिनिटांत सापडू शकतं. पण सैनिकाचं नाव सहसा कुठल्या ना कुठल्या स्मारकावर असतंच. त्याला भाकरी देणाऱ्या बाईचं नाव मात्र कुणीतरी दुसरी फाइल उघडली तरच कळतं.