चित्राची काटकसर

काटकसर म्हणजे कृपणता नव्हे, हे आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नकोच. आज मात्र आम्ही ज्या काटकसरीविषयी लिहीत आहो, ती स्वयंपाकघरातील नसून आकाशातील आहे.

बुलढाणे शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले. मलकापुराकडून येणारास राजूर घाट चढावा लागतो. अशा मुलखात मनोऱ्यावरून सरळ रेषेत निघालेल्या दूरचित्रवाणीच्या लहरी डोंगराआड अडतात. उपग्रहास ही अडचण नाही; परंतु त्याच्यापाशी लहरींच्या वाटेची रुंदी, जिला बँडविड्थ म्हणतात, ती मोजकीच असते. आणि चित्र तर मोठे उधळे! स्टुडिओतील साध्या अंकरूप चित्रास दर सेकंदास २१ कोटी ६० लक्ष अंक लागतात.

मग वगळावे काय? शेगावच्या मंदिरातील आरती दाखविली जात आहे असे समजा. निरांजनाची ज्योत हलते, भिंत हलत नाही. भिंत एकदा पाठविली म्हणजे पुढे केवळ बदल कळविला की पुरे. शिवाय उजेडाचा बारकावा डोळ्यास जितका दिसतो, तितका रंगाचा दिसत नाही. तेव्हा रंगाचा तपशील कमी केला तरी चालते. उरलेल्या चित्राचे आठ ठिपके रुंद व आठ उंच असे चौकोन पाडून त्यांतील ठळक चढउतार तेवढे राखावयाचे. ह्या शेवटच्या युक्तीचे गणित बंगळूरास जन्मलेल्या नासिर अहमद यांचे. १९७२ साली अमेरिकेत त्यांनी त्यासाठी मागितलेले साहाय्य नाकारले गेले. तरी नटराजन व राव या सहकाऱ्यांसह त्यांनी १९७४ च्या जानेवारीत आपला निबंध प्रसिद्ध केलाच. अशा उपायांनी ते कोट्यवधी अंक चाळीस-पन्नास लक्षांवर येतात, आणि जेथून एखाददुसरे चित्र जाई तेथून दहाबारा जाऊ लागतात.

म्हणूनच डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनला मासिक वर्गणीवाचून ३३ वाहिन्या उपग्रहावरून देता आल्या. घरावर थाळी बसविली की डोंगरामागील खेडेही त्यांस पारखे राहिले नाही. हीच सेवा आज डीडी फ्री डिश या नावाने चालते.

परंतु वाचविलेले द्रव्य कशावर खर्चिले, यावरच काटकसरीची थोरवी ठरते. त्या मोकळ्या झालेल्या जागेत २०१५ साली शेतकऱ्यांची वाहिनी आली, २०२० पासून इयत्तावार शालेय वाहिन्या आल्या. आणि बऱ्याच जागा लिलावाने खाजगी वाहिन्यांस गेल्या. गणितज्ञाने निरर्थक ते गाळून वाट रिकामी करून दिली. तिच्यातून घरात काय येऊ द्यावे, ही निवड मात्र यंत्र करणार नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांस जवळ बसवून करावयाची आहे.