टायर ओरडतो, आपण ऐकतो का?

एप्रिल-मे महिन्यांत निपाणीजवळच्या तवंदी घाटातून जाणाऱ्यांना एक आवाज ओळखीचा असतो. दुपारची वेळ, तापलेला रस्ता आणि वळणावर एखाद्या मोटारीच्या टायरांची कर्कश किंचाळी. आत बसलेली मुले दचकतात, मागच्या सीटवरून कुणीतरी "सावकाश रे बाबा" म्हणते आणि गाडी चालवणारा बहुधा हसून सांगतो, "काही नाही, ऊन आहे ना, म्हणून आवाज येतोय." हे उत्तर अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे आपण समजून घेत नाही, आणि जीव अवलंबून असतो तो नेमका त्यावरच.

आपला भाग महामार्गावरचा. पुणे-बंगळूर रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ आणि आताचा क्रमांक ४८, कोगनोळीपासून निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा आपल्या दारावरून जातो. वाटेत तवंदी आणि वंटमुरीचे घाट आहेत. बेळगावहून गोव्याला निघालो तर चोर्ला, सावंतवाडीला निघालो तर आंबोली. म्हणजे वळणे आपल्या नशिबी रोजचीच. मग वळणावर नेमके काय घडते, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला नको का?

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती दबत नाही, ताणली जात नाही. रबराचे तसे नाही. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलीसाठी हवा भरलेला टायर बनवला. तेव्हापासून चाक रस्त्याला नुसते टेकत नाही, ते रस्ता धरते. मोटारीचा एक टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी. म्हणजे घरातली सगळी माणसे घेऊन धावणारी गाडी चार तळहातांवर उभी असते.

गाडीला स्वभावतः सरळ जायचे असते. तिला वळवते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण. वळणावर रबराचे लहान ठोकळे रस्ता धरून ठेवतात आणि बाजूला ताणले जातात. ताण फार झाला की ते सुटतात, किंचित घसरतात आणि पुन्हा रस्ता धरतात. हे धरणे आणि सुटणे सेकंदाला शेकडो वेळा चालते. त्यामुळे रबर थरथरते आणि आवाज होतो. फळ्यावर खडू किंचाळतो तोही असाच. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात तीसुद्धा गजाने तार धरावी, ओढावी आणि सोडावी म्हणून. तत्त्व एकच, एकातून सूर निघतो, दुसऱ्यातून किंचाळी.

मग उन्हाळ्यातच हे जास्त का ऐकू येते? उन्हात काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी अधिक तापू शकतो. तापलेले रबर मऊ होते, कोरड्या रस्त्याला अधिक चिकटते आणि सुटण्याआधी अधिक ताणले जाते. रस्त्याचे डांबरही पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि काही ठिकाणी वर येऊन खडी झाकते. खरखरीत रस्ता तेथे गुळगुळीत होतो, आणि कोरड्या गुळगुळीत पृष्ठभागावर रबर हमखास ओरडते. मोठ्या इमारतींखालच्या चकचकीत वाहनतळात अगदी हळू चालणारी गाडीही आवाज करते, ती यामुळेच. पावसात मात्र रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी येते, पकड सुटते आणि आवाजही जातो.

इथवर "ऊन आहे म्हणून" हे उत्तर खरे. पण ऊन फक्त आवाजाला जागा करून देते. रबराला बाजूला ताणतो तो वेग. एखादे वळण १०० मीटर त्रिज्येचे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने ते घेताना टायरवर बाजूने जेवढे बल येते, त्याच्या सव्वादोन पट बल ताशी ६० च्या वेगाला येते. वेग दीडपट, बल सव्वादोन पट. कारण बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे सूत्र आपली मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवतात. पण बाबांच्या शेजारी बसून घाट उतरताना ते त्यांना आठवत नाही. आपल्या शिकवण्यातला दोष म्हणायचा तर हा आहे.

आणखी एक गोष्ट. टायरजवळ पकडीची शिल्लक एकच असते. पगार एक आणि खर्च दोन, अशी त्याची स्थिती. वळायलाही त्यातूनच द्यायचे आणि थांबायलाही त्यातूनच. वळणात शिरल्यावर समोर चढाला लागलेला ट्रक किंवा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिसला आणि घाबरून जोरात ब्रेक दाबला, की शिल्लक संपते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नव्हे. टायर ओरडतो तेव्हा तो सांगत असतो की खात्यात आता फार उरलेले नाही.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे न ओरडणारा टायर. काही टायर लवकर आवाज करतात, काही फार उशिरा. आणि जूनचा पहिला पाऊस पडतो, तेव्हा रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. त्यावर टायर काही न बोलता सरकतो. उन्हाळ्यात तो ओरडून सांगतो, पावसाळ्यात मुकाट घसरतो. ज्याने चार महिने ओरडण्याकडे दुर्लक्ष केले, त्याला मुकेपणाचा अर्थ कसा कळणार? आणि शाळा सुरू होते ती नेमकी याच दिवसांत. दुचाकीवर पुढे एक, मागे एक मूल बसवून येणाऱ्या पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आता आपल्याकडच्या एका समजुतीविषयी. "उन्हाळ्यात हवा दोन-चार पौंड कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटतो," असा सल्ला पंक्चरच्या दुकानात सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. टायर ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापला, तर ३० पौंड हवेचे साधारण साडेचौतीस पौंड होतात. ही वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. उलट हवा कमी असली की टायरच्या कडा जास्त दबतात, प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात आणि आतून जास्त तापतात. लांबच्या प्रवासात टायर फुटण्याचे हेच एक मोठे कारण असते. वळणावरही कमी हवेचा टायर लवकर ओरडतो. नायट्रोजन भरला तरी तोही तापल्यावर असाच प्रसरण पावतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. म्हणून चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा दिलेला असतो तो पाळावा, आणि हवा टायर थंड असताना तपासावी.

चित्रपटांनीही आपले नुकसान केले आहे. नायकाची गाडी मातीच्या रस्त्यावर वळली तरी टायर किंचाळल्याचा आवाज घालतात. मातीवर टायर असा ओरडत नाही, तो माती उडवत नुसता सरकतो. पण आवाज म्हणजे मर्दुमकी, हे मुलांच्या मनात बसते आणि अठरा वर्षांचे होताच तीच मुले घाटात त्याचा प्रयोग करतात. त्यांना नुसते रागावून चालणार नाही. त्यांना आधीच समजावून सांगितले पाहिजे.

यासाठी माझी एक सूचना आहे. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आपल्या शाळेने एक दिवस टायर तपासणीचा ठेवावा. मुलांना आणणाऱ्या व्हॅन, रिक्षा आणि ज्या पालकांची तयारी असेल त्यांची वाहने त्या दिवशी मैदानात यावीत. आठवी-नववीच्या मुलांनी विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली ती पाहावीत. टायरच्या खाचांमध्ये ठराविक अंतरावर रबराचे लहान उंचवटे असतात. मोटारीच्या टायरची झीज त्या उंचवट्यांपर्यंत आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली आणि टायर बदलण्याची वेळ झाली. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. एक फूटपट्टी, एक हवेचे मीटर आणि एक वही, एवढ्यावर हे काम होते.

यावर कुणी म्हणेल, हे आरटीओचे काम आहे, शाळेचे नव्हे. त्यांना एवढेच विचारायचे आहे की वाहनाचा दाखला एकदा मिळाल्यावर पुढचे कितीतरी महिने टायर रोज झिजत असतो, तो कोण बघतो? शिवाय कुणाला दंड करावा किंवा व्हॅनवाल्यांना खाली बघायला लावावे, असा हेतू नाही. त्यांचे पोट त्याच वाहनावर आहे. नवा टायर स्वस्त नाही, हेही खरे. म्हणून विश्वस्त मंडळींनी एक छोटा निधी ठेवून गरजू चालकाला बिनव्याजी उचल द्यावी आणि ती हप्त्याने परत घ्यावी. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर आपण जो खर्च करतो, त्यातला थोडा भाग इकडे वळवला तरी पुरे.

यातून आणखी एक गोष्ट साधेल. मराठीतून विज्ञान शिकून काय उपयोग, असा प्रश्न सीमाभागातल्या आपल्या शाळांना सारखा विचारला जातो. घर्षण, बल, त्रिज्या, दाब हे शब्द मुलांनी वहीतून उचलून रस्त्यावर वापरले आणि त्यामुळे एका जरी व्हॅनचा गुळगुळीत टायर पावसाआधी बदलला गेला, तर त्या प्रश्नाला आणखी उत्तर देण्याची गरज राहणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी घाटात टायर ओरडला तर गप्प बसू नका. "बाबा, वेग कमी करा," असे म्हणा आणि का ते सांगा. आणि पालकहो, मुलाने सांगितले तर राग मानू नका. तेवढा वेग कमी करा.