‘महल’मधला खोटा जबाब

कमाल अमरोहींच्या ‘महल’चा (१९४९) शेवट पटतो का, यावर चिपळूणला आमच्या गटात वाद झाला.

भूत म्हणजे माळ्याची मुलगी निघते. हे मला पटतं. महालाच्या मालकाने आपल्याकडे पाहावं म्हणून गरीब मुलीला भूतच व्हावं लागतं! पण त्याची उपेक्षित बायको रंजना स्वतः विष घेते, ‘नवऱ्याने दिलं’ असा जबाब देते आणि मरते. पुढे तिचं पत्र सापडतं, शंकर फाशीतून सुटतो, तरी शेवटी मरतो. रडायचं ते त्याच्यासाठी! काही जणी म्हणाल्या, ‘तिने सूड घेतला, बरं झालं.’

मला हा शेवट मान्य नाही. कामात मी ऐकलेले जबाब नेमके उलटे आहेत. भाजलेली बाई सांगते, ‘स्टोव्ह भडकला.’ नवरा खाटेशी उभा, मुलं त्याच्या ताब्यात. ती खोटं बोलते ते त्याला वाचवायला.

१९८३ साली ४९८-अ कलम आलं. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे. तरी ‘बाया खोटं सांगतात’ हे ऐकावं लागतंच. ‘महल’ त्याच समजाला खतपाणी घालतो.

मैत्रिणींनो, सिनेमा जरूर पाहा. पण दवाखान्यात जबाब सुरू होण्याआधी नवऱ्याला खोलीबाहेर काढायला लावा.