त्या काळाचा निकषही कठोरच होता



‘अमेरिकेच्या संस्थापकांना आजच्या फूटपट्टीने मोजू नका’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला पटत नाही. ही फूटपट्टी त्यांच्याच काळात तयार होती. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला. व्हर्जिनियातील बडे जमीनदार रॉबर्ट कार्टर यांनी १७९१ मध्ये सुमारे ५०० गुलामांच्या मुक्ततेचा दस्त नोंदवला. त्याच वर्षी बेंजामिन बॅनेकर या कृष्णवर्णीय अभ्यासकाने थेट थॉमस जेफरसन यांना पत्र लिहून त्यांनीच लिहिलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील समतेची आठवण करून दिली. तरीही आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे मालमत्ता म्हणून बाळगणाऱ्या जेफरसन यांनी मोजक्यांनाच मुक्त केले.

मात्र सर्वांना एकाच मापाने तोलणेही अन्यायाचे आहे. जॉन अ‍ॅडम्स यांनी गुलाम ठेवले नाहीत. फ्रँकलिन यांनी ठेवले होते, पण १७९० मध्ये त्यांनी काँग्रेसकडे गुलामगिरीविरोधी अर्ज केला. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्राने आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्ती दिली. पण १७९६ मध्ये त्यांच्या घरातून निसटलेल्या ओना जज या गुलाम स्त्रीला परत आणण्याचे प्रयत्नही केले.

ओना जजही त्याच काळातली होती. ‘तो काळच तसा होता’ म्हणताना आपण तिला त्या काळातून वगळतो. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांची आठवण आपल्याकडेही ठेवली गेली: जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, ते गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. संस्थापकांच्या राज्यघटनेचे मोल मानावे. पण त्यांच्या गुलामांचा हिशेबही त्याच पानावर मांडावा.

– एक वाचक, सातारा