टायर बदलण्याआधी टायर वाचा

ऊसतोडणी सुरू झाली की पाटसच्या चौकात उभे राहून नुसते पुढच्या चाकांकडे बघावे. भीमा कारखान्याकडे वळणारे ट्रॅक्टर, बाजाराच्या जुन्या जीपा, एखाद्या ग्रामपंचायतीचा टँकर. कित्येकांचा टायर एका कडेला गुळगुळीत आणि दुसऱ्या कडेला नक्षी शाबूत! मालकाचे उत्तर ठरलेले : "टायरच हलका निघाला." मग नवा टायर बसतो आणि तोही तसाच झिजतो. खरे तर रोग गाडीत असतो आणि टायर तो दाखवीत असतो.

टायर मधोमध झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा बोजा जास्त. एकच कड झिजली तर चाक कललेले आहे किंवा अलाइनमेंट बिघडली आहे. नक्षीवर हात फिरवताना एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर दोन्ही चाकांची तोंडे जुळत नाहीत. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर, बेअरिंग आणि बॅलन्सिंग तपासावे.

गाडी एका अंगाला ओढत असेल तर आधी दोन्हीकडची हवा मोजा. मग थोडे चालवून पुढचे ड्रम जपून चाचपा. एकच जास्त तापला असेल तर ब्रेक धरतोय. स्टेअरिंगला प्ले असेल तर एकाने ते हलकेच डावे-उजवे करावे, दुसऱ्याने खालच्या दांड्या बघाव्यात. हालचाल जिथे विरते तो सांधा झिजला. नंतर मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलले तर किंग पिन किंवा बेअरिंग, आडवे धरून हलले तर टाय रॉडची टोके बघा. हे ढिले ठेवून केलेले अलाइनमेंट टिकत नाही. आधी सांधे, मग अलाइनमेंट, शेवटी टायर, हाच क्रम.

बोज्याचेही तसेच. दोन ट्रॉल्या ठासून भरल्या की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी पडतात, स्टेअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. बारामती रस्त्याच्या रोटी घाटात हे कळून उपयोग नाही. तिथे मागे ऊस असतो, पुढे वळण असते, आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर कुणाचे तरी पोर असते.

कायदाही बघावा. मोटारीची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते. पण फिटनेसचा कागद वर्षातून एकदा मिळतो, सांधे रोज झिजतात.

ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांनीही टँकरच्या टायरचे बिल मंजूर करताना एक प्रश्न विचारावा : जुना टायर किती किलोमीटर चालला आणि कोणत्या बाजूने झिजला? उत्तर लॉगबुकात लिहून ठेवावे. पुढचे बिल लवकर आले तर दुखणे कुठे आहे ते त्याच पानावर सापडेल.

गाडी जुनी असण्यात कमीपणा नाही. आपल्या भागात जुन्या गाड्यांवरच संसार उभे राहिलेत. बैलाचा खूर दुखला तर आपण नाल बदलून गप्प बसत नव्हतो, पाय उचलून बघत होतो. चाकालाही तेवढी माया दाखवावी.