पंचविशीचा जमाखर्च

शाळेच्या वार्षिकांत माजी विद्यार्थ्यांनीं लिहावें तें आपल्या यशाविषयीं, असा एक अलिखित संकेत आहे. कोणीं अमुक पदवी मिळविली, कोण अमुक कचेरींत लागला, कोण परदेशीं गेला, हें वाचून गुरुजनांस समाधान वाटतें, आणि पालक तो मजकूर आपल्या पाल्याकडून मोठ्यानें वाचवून घेतात. आमची तुकडी शाळेबाहेर पडली त्यास आतां आठ-नऊ वर्षें होत आलीं. आमच्यापैकीं बहुतेकांनीं पंचविशी गांठली आहे. तेव्हां आम्हांसही असेंच कांहीं लिहितां आलें असतें. परंतु ज्या हिशेबाच्या आधारें हे मजकूर लिहिले जातात, तो हिशेब चुकीच्या वहींत मांडला जातो असें आमचें मत झालें आहे, आणि तें विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा हिशेब कसा होतो तें सर्वांच्या परिचयाचें आहे. लग्नकार्यांत पंगतीस बसलें असतां शेजारचे काका पहिला घांस घेण्यापूर्वींच विचारतात, "काय रे, सध्यां काय करतोस?" उत्तर "मिहानमध्यें नोकरीस आहें" असें आलें तर पुढचा प्रश्न पगाराचा. "पुण्यास परीक्षेची तयारी चालली आहे" असें आलें तर पुढें प्रश्नच नाहीं, केवळ एक लांबलेलें "असं का!" मुलींच्या बाबतींत विवाहाचा प्रश्न पहिला, आणि नोकरीचा आठवण राहिली तर. त्यांत हातांतल्या मोबाइलची भर. आमच्या वर्गाच्या गटावर एकाच सकाळीं एकाच्या नव्या सदनिकेचें, दुसऱ्याच्या साखरपुड्याचें आणि तिसऱ्याच्या परदेशप्रवासाचें छायाचित्र येऊन पडतें. ज्याच्याजवळ पाठविण्यासारखें छायाचित्र नाहीं तो गप्प राहतो, आणि वर्षभर गप्प राहिल्यावर एके दिवशीं गटांतून निघून जातो. आमच्या तुकडींतील पांच-सहा मित्र असे निघून गेले आहेत. हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों तो मुख्यत्वें त्यांच्याकरितां.

पंचवीस हा आंकडा मुळीं आला कोठून? आपल्याकडील जुन्या आश्रमव्यवस्थेंत शंभर वर्षांचें आयुष्य कल्पून त्याचे चार भाग केले, आणि पहिलीं पंचवीस वर्षें विद्यार्जनास दिलीं. त्या गणितानें पंचविसावें वर्ष हें गुरुगृहाचा उंबरठा ओलांडण्याचें वर्ष ठरतें. पीक मोजण्याचें खास नव्हे. या शाळेंत शुभवर्तमानाचे जे पाठ आम्हीं ऐकले, त्यांत प्रभु येशूच्या कार्यारंभाचें वय लूकनें सुमारें तीस वर्षें दिलें आहे. त्यापूर्वीं नासरेथ येथें तो सुतार म्हणूनच ओळखला जात होता. नासरेथच्या शेजाऱ्यांनीं त्याच्या पंचविशीचा जमाखर्च मांडला असता तर करवत, पटाशी आणि विधवा झालेली म्हणा वा संसारानें थकलेली म्हणा, एक माता, याहून अधिक त्यांस काय दिसलें असतें? उलट बाजूस डॉ. आनंदीबाई जोशी. मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून त्या एम. डी. झाल्या, तेव्हां त्यांचें एकविसावें वर्ष सरत आलें होतें. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. पंचविशी त्यांस पाहावयासच मिळाली नाहीं. एकच फूटपट्टी या दोहों आयुष्यांस लावूं पाहणाऱ्याच्या हातीं काय लागेल?

आम्हांस या विषयांत सर्वांत जवळचें वाटतें तें उदाहरण नागपुरास घरोघर ठाऊक असलेल्या नांवाचें आहे. दरवर्षीं विजयादशमीस दीक्षाभूमीकडे लोटणारा जनसमुदाय आम्ही लहानपणापासून पाहत आलों. ज्यांच्याकरितां तो लोटतो त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस आपण बहुधा पुतळ्याच्या रूपांत ओळखतों: एका हातांत ग्रंथ, दुसऱ्या हाताचें बोट पुढें. ते सव्वीस वर्षांचे असतां कोणत्या स्थितींत होते, याची चौकशी आपण क्वचितच करतों. ती येथें थोडी विस्तारानें करूं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. १९१३ च्या फेब्रुवारींत वडील वारले. त्याच वर्षीं बडोद्याच्या महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले, आणि १९१५ सालीं एम. ए. झाले. १९१६ मध्यें लंडनला जाऊन त्यांनीं अर्थशास्त्राचा उच्च अभ्यास आणि बॅरिस्टरीचा अभ्यास असे दोन्ही एकदमच हातीं घेतले. दोन्ही पुरे झाले नाहींत. शिष्यवृत्तीची मुदत संपली, संस्थानाकडून परत येण्याचा हुकूम झाला, आणि १९१७ च्या उन्हाळ्यांत, महायुद्ध ऐन भरांत असतां, ते स्वदेशीं निघाले. सामान व पुस्तकें दुसऱ्या जहाजानें पाठविलीं होतीं. तें जहाज जर्मन पाणबुडीनें बुडविलें. पोटास चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ समुद्रतळीं गेले. त्या सामानाच्या विम्याची जी कांहीं रक्कम हातीं आली, तीच पुढें बडोद्याच्या प्रवासाच्या कामीं आली.

करारान्वयें दहा वर्षें संस्थानची नोकरी करावयाची होती, म्हणून ते सप्टेंबर १९१७ मध्यें बडोद्यास गेले. कोलंबियाच्या या पदवीधरास त्या शहरांत राहावयास खोली मिळेना, कारण जात आडवी आली. शेवटीं पारशी नांव सांगून एका पारशी पथिकाश्रमांत त्यांनीं आसरा घेतला. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव दाराशीं आला, आणि जागा सोडावी लागली. आज जिला सयाजीबाग म्हणतात त्या कामाठी बागेंत गाडीची वेळ होईपर्यंत ते बसून राहिले, आणि रात्रीच्या गाडीनें मुंबईस परतले. या घटनेचें वर्णन त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तें मुळांतून वाचावें.

आतां आपल्या नेहमींच्या पद्धतीनें जमाखर्च मांडा. वय सव्वीस. नोकरी सुटलेली. लंडनचा अभ्यास अर्धवट. ग्रंथ बुडालेले. डोक्यावर वडील नाहींत, घरीं पत्नी व लहान मूल. लग्नाच्या पंगतींत कोणी "सध्यां काय करतां?" असें विचारलें असतें तर सांगण्यासारखें एकही उत्तर नव्हतें. परंतु एक नोंद अशी होती कीं जी जमेच्या रकान्यांतही बसत नव्हती व खर्चाच्याही नव्हे. लंडन सोडतांना त्यांनीं विद्यापीठाकडून परवानगी मिळवून ठेवली होती, कीं चार वर्षांच्या आंत परत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करतां यावा. कामाठी बागेंत बसलेल्या त्या तरुणाजवळ मिळकत म्हणण्यासारखें बहुधा एवढेंच होतें: हातीं घेतलेलें एक अपुरें काम, आणि त्याकडे परत जाण्याची मुदत.

पुढचीं तीन वर्षें त्या मुदतीच्या धाकांत गेलीं. शिकवण्या केल्या. शेअर-रोख्यांच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा धंदा काढून पाहिला. सल्लागाराची जात कळतांच गिऱ्हाईक येईनासें झालें. नोव्हेंबर १९१८ मध्यें सिडनहॅम महाविद्यालयांत प्राध्यापकाची जागा मिळाली, तेव्हां पगारांतून पै-पैसा बाजूस टाकण्यास आरंभ झाला. जानेवारी १९२० मध्यें 'मूकनायक' निघालें. त्याच सालच्या मे महिन्याच्या अखेरीस आमच्या नागपुरांत छत्रपति शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखालीं बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली, तींत ते आले होते. वय एकोणतीस, आणि अभ्यास अद्याप अपुराच. त्यानंतर जुलैमध्यें, शिल्लक टाकलेले पैसे, महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलें कर्ज एवढ्या बळावर ते पुन्हां लंडनला निघाले. १९२३ सालीं ते डी. एस्सी. झाले, आणि तोंवर बॅरिस्टरीही पुरी झाली होती. नोकरीच्या मुलाखतींत ज्या मधल्या काळास 'गॅप' म्हणून भुवया उंचावून विचारतात, ती 'गॅप' ही अशी भरलेली होती.

येथें एका आक्षेपाचा विचार करणें भाग आहे. थोरांचीं उदाहरणें देऊन रिकामटेकड्यांस धीर देण्याचा हा प्रकार आहे, असें कोणी सुज्ञ पालक म्हणतील. आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. बाबासाहेबांचेंही एके काळीं असेंच झालें होतें, हें वाक्य उच्चारणें फार सोपें असतें, आणि दुपारीं बारापर्यंत झोपणाऱ्यासही तें तोंडपाठ करतां येतें. म्हणून भेद स्पष्ट केला पाहिजे. अपुरें काम आणि न मिळालेली जागा या दोन भिन्न वस्तु आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस सर्वसाधारण गटांतील उमेदवार बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा वेळां बसूं शकतो. यांतील प्रत्येक वेळीं ज्याचें इतिहासाचें, राज्यघटनेचें, आपल्या जिल्ह्यांतील पाण्याचें व शेतीचें ज्ञान वाढत गेलें, त्याचीं वर्षें वायां गेलीं असें आम्ही म्हणणार नाहीं, मग निकाल कांहींही लागो. पण ज्यास केवळ दिव्याची गाडी दिसते, आणि ती गाडी वजा केल्यास ज्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं, त्यानें तिसऱ्या प्रयत्नानंतर घरीं परत येऊन दुसरें काम धरावें. हें मत कित्येकांस कठोर वाटेल. ज्यांच्या घरीं खाणारीं तोंडें पुष्कळ आणि मिळविणारा एक, त्यांस जागा हीच भाकरी असते, हेंही आम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं भाकरी आधीं मिळवावी. सिडनहॅमच्या पगारामागेंही तोच विचार होता.

दुसरी गोष्ट खर्च कोण सोसतो याची. बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला गेले तेव्हां मुंबईच्या चाळींतला संसार रमाबाईंनीं ओढला, आणि तो कशाबशा चालणाऱ्या संसाराहूनही हलाखीचा होता. चरित्रें वाचतांना आपण जहाजाबरोबर पुढें जातों आणि चाळ मागें राहते. ज्या पंचवीस वर्षांच्या मुलास आपलें काम पुरें करावयाचें आहे, त्यानें तें कोणाच्या खांद्यावर उभें राहून चाललें आहे हें महिन्यांतून एकदां तरी पाहावें. आई-वडिलांस दोष द्यावयाचा नाहीं. परंतु मुलाच्या कामाकरितां बहिणीचें शिक्षण थांबविणारीं घरें आम्हीं या शहरांत पाहिलीं आहेत, आणि तेथें हिशेब उघडपणें चुकलेला असतो.

मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत लिहीत आहों, म्हणून आणखी एका तरुणाचें नांव घेतल्याविना पुढें जाववत नाहीं. स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले, तेव्हां ते सत्तावीस वर्षांचे होते आणि येथें भोसल्यांचें राज्य होतें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं शाळा काढली. तिच्या जोडीस आसपासचे खडक व जीवाश्म गोळा करावेत, गोंडांची भाषा व चालीरीती टिपून ठेवाव्यात, असा त्यांचा क्रम अठरा वर्षें चालला. सप्टेंबर १८६३ मध्यें टाकळघाटाहून परततांना रात्रीं नाल्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. गोंडांविषयींचे कागद तसेच राहिले. ते १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं संपादून छापले. ज्या महाविद्यालयावर त्यांचें नांव आहे, तें तर १८८३ सालीं सुरू झालें.

पालकांस आमची विनंती एवढीच, कीं पंगतींतला तो प्रश्न थोडा बदलावा. "सध्यां काय करतोस?" याऐवजीं "सध्यां कशाच्या मध्यावर आहेस?" असें विचारून पाहावें. उत्तर देण्यास मुलास वेळ लागेल, तेवढा तो द्यावा.

वार्षिकाच्या संपादकांसही एक सूचना आहे. माजी विद्यार्थ्यांच्या यादींत नांव, पदवी आणि हुद्दा असे तीन रकाने असतात. त्यांपुढें 'हातीं असलेलें काम' असा चौथा रकाना घालावा. आमच्या तुकडीपुरता तो आम्हीं भरून पाहिला. एकजण दिवसा वर्ध्याच्या पतपेढींत हिशेब लिहितो आणि रात्रीं कायद्याच्या तिसऱ्या वर्षाचा अभ्यास करतो. एकीनें काटोलकडे वडिलांची संत्र्याची बाग हातीं घेतली आहे. अर्धीं झाडें तोडून नवीं लावलीं, त्यांस फळ धरण्यास अद्याप अवकाश आहे. एक परिचारिका आहे, आणि धाकट्या भावाचें शिक्षण संपेपर्यंत स्वतःच्या पुढील परीक्षेचा अर्ज तिनें बाजूस ठेवला आहे. अर्जाची मुदत तिच्या ध्यानांत आहे. गटांतून निघून गेलेल्यांपैकीं एकास आम्हीं पत्र घातलें होतें. त्याचें उत्तर चार ओळींचें आलें: बुटीबोरीच्या कारखान्यांत रात्रपाळी आहे, आणि सुटीच्या दिवशीं तो आपल्या आजीकडून ऐकलेल्या ओव्या वहींत उतरवून घेतो. दोनशें झाल्या आहेत. आजी ऐंशीच्या पुढें आहे, म्हणून तो घाईंत आहे.